कुंडल रोडला उतरलेला माणूस

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला मी एक रेझिस्टर उचलला, त्यावरचे पट्टे वाचले, किंमत काढली आणि जर्नलमध्ये लिहून मोकळा झालो. मल्टिमीटर वेगळंच सांगत होता. दुसरा उचलला, तोही चुकला. तिसऱ्या वेळी पार्टनरने माझ्या हातून रेझिस्टर काढून घेतला आणि हसत हसत विचारलं की तपकिरी पट्ट्याला तू हिरवा कसा काय म्हणतोस? सगळी बॅच हसली. मीही हसलो. (न हसून सांगतो कोणाला?)

पुढच्या शनिवारी गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे ठेवलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो म्हणे. मला बऱ्याच पानांवर नुसते ठिपकेच दिसले. लाल-हिरव्याचा घोळ, जन्मापासूनचा. चष्मा नाही, औषध नाही, ऑपरेशन नाही. फी देऊन बाहेर पडलो आणि बराच वेळ चौकातल्या सिग्नलकडे बघत उभा राहिलो. मी आयुष्यभर वरचा दिवा की खालचा दिवा यावरून सिग्नल ओळखत आलोय, हे तेव्हा कुठे लक्षात आलं.

दुसरं कोणी असतं तर सोडून दिलं असतं. पण आमचे पप्पा रेल्वेत. मिरजेला क्वार्टरमध्ये वाढलेला मी. पोरगा इंजिनिअर होणार आणि रेल्वेतच साहेब होऊन येणार, हे आमच्या घरी कॅलेंडरवर छापल्यासारखं ठरलेलं होतं. आणि रेल्वेच्या गाड्या-सिग्नलशी संबंधित नोकऱ्यांच्या मेडिकलमध्ये रंगांची परीक्षा असतेच असते. म्हणजे संपलं. घरी काही बोललो नाही. दोन महिने बोललो नाही.

मग सुट्टीला घरी निघालो तेव्हा गाडी किर्लोस्करवाडीला थांबली. या स्टेशनावरून मी शंभरदा तरी गेलो असेन, पाटी कधी नीट वाचली नव्हती. समोर बसलेले एक वयस्कर काका बोलता बोलता म्हणाले की ज्यांचं नाव या स्टेशनला आहे त्यांनाही रंग ओळखता यायचे नाहीत. काका तिथेच उतरून गेले. माझं डोकं मात्र पुढच्या सगळ्या स्टेशनांपर्यंत त्यातच. सुट्टी संपल्यावर आमच्या लायब्ररीत जे मिळालं ते वाचून काढलं. खाली लिहितोय ते त्यातलंच.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. पोराला मात्र दोनच गोष्टींचं वेड, चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची. शाळेत फारसं लक्ष नाही. चित्रकार व्हायचं म्हणून १८८५ मध्ये सोळाव्या वर्षी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. वडिलांना हे पटलेलं नव्हतं, मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. आणि दोन वर्षांनी कळलं की या मुलाला काही रंगांतला फरकच दिसत नाही.

इथे मी पुस्तक मिटवून बसलो होतो. विचार करा ना. चित्रकार व्हायला घर सोडून आलेला, वडिलांशी वाद घालून आलेला मुलगा, आणि डोळेच दगा देतात! माझं तर काहीच नव्हतं त्याच्यापुढे.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, जिथे सगळा मामला काळ्या रेघेचा. त्यात इतकी गती की १८८७ मध्ये सुरू झालेल्या व्हीजेटीआयमध्ये ते मेकॅनिकल ड्रॉइंगचे साहाय्यक शिक्षक झाले. (हीच आजची वीरमाता जिजाबाई संस्था. तेव्हा ती भायखळ्याला होती.) स्वतःकडे इंजिनिअरिंगची पदवी नाही, ती त्यांनी कधीच घेतली नाही. जीटी मारून ईडीच्या शीट्स पूर्ण करणाऱ्या आपल्यासारख्यांनी याचा जरा विचार करावा. शिकवता शिकवता ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रांची कामं हाताने शिकले.

मुंबईत त्यांनी एका माणसाला सायकलवर बसलेलं पाहिलं आणि भावाबरोबर सायकलींचा धंदा सुरू केला. हे मुंबईहून सायकली घेऊन पाठवणार, रामूअण्णा बेळगावात विकणार आणि पंधरा रुपये घेऊन चालवायलाही शिकवणार. त्या काळी पंधरा रुपये! पण लक्षात घ्या, हा सगळा जोडधंदा होता, पक्की नोकरी चालूच होती. ती सुटली प्रमोशनवरून. हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ मध्ये बेळगाव गाठलं. वय अठ्ठावीस.

बेळगावात छोटं वर्कशॉप टाकलं. आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग लोखंडी नांगर. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ हाच, कारखाना उभारण्याचा नव्हे.

लाकडी नांगर जमीन फाडत जातो. लोखंडी नांगर खोल घुसतो आणि मातीचा पट्टाच्या पट्टा उचलून पालथा घालतो. खालची माती वर येते, हरळी-कुंद्याची मुळं उन्हात पडून वाळतात. कागदावर ही गोष्ट कोणालाही पटेल. पण शेतकऱ्यांची ठाम समजूत होती की लोखंडाने जमिनीला विष बाधतं. वर्षाचं पोट ज्या जमिनीवर, तिच्यावर कोण प्रयोग करू देईल? मी त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणणार नाही. माझे आजोबा शेती करायचे, नवं बियाणंसुद्धा ते आधी एका कोपऱ्यात लावून बघायचे. पण लक्ष्मणरावांच्या बाजूने बघा. नांगर तयार होऊन पडलेत, पैसा अडकलाय, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपल्याला केटी लागली तर सहा महिने तोंड दाखवावंसं वाटत नाही. दोन वर्षं हा माणूस रोज वर्कशॉप उघडत होता कशाच्या जोरावर? नांगर बरोबर आहे हा विश्वास, दुसरं काही हाताशी दिसत नाही.

नांगर विकायला लागले, जम बसायला लागला, तर बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. तिथे नवी वस्ती व्हायची होती. भट्टी, यंत्रं, माणसं सगळं घेऊन जायचं कुठे? पैसे नाहीत, जागा नाही, चाळिशी गाठलेली. बायको राधाबाई आणि मुलं. त्यातले शंतनुराव तेव्हा सहा-सात वर्षांचे. कोणीही म्हटलं असतं की आता पुरे, मुंबईला जाऊन परत मास्तरकी धरा.

मदत आली ती औंध संस्थानातून. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी आपल्या संस्थानात कुठेही जागा निवडायला सांगितलं आणि बिनव्याजी दहा हजार रुपये कर्ज दिलं. गंमत म्हणजे बाळासाहेब स्वतः चित्रकार. औंधचं त्यांचं चित्रसंग्रहालय अजून बघायला मिळतं. रंगांनी नाकारलेल्या माणसाला एका रंगवेड्या राजाने हात दिला. मला ही जागा फार आवडते.

लक्ष्मणरावांनी जागा निवडली ती कुंडल रोड स्टेशनजवळची, बत्तीस एकर. रेल्वे शेजारून जाते एवढाच त्या जागेचा गुण. बाकी सगळा माळ, निवडुंग आणि नाग. १९१० मध्ये ते पंचवीस कामगार आणि त्यांच्या बायकापोरांना घेऊन तिथे उतरले. मला लक्ष्मणरावांपेक्षा त्या पंचवीस घरांचं जास्त आश्चर्य वाटतं. बेळगावसारखं गाव सोडून, निवडुंगाच्या रानात, ज्याच्याकडे कर्जाशिवाय काही नाही अशा मालकामागे ती माणसं गेली. झाडी तोडली, नाग मारले, राहायला झोपड्या आणि कारखान्याला शेड उभी केली, आणि नांगर पुन्हा ओतायला लागले. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीवर रात्रीचे पहारेकरी नेमलं. वस्तीत शिवाशीव चालू दिली नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. महायुद्ध, लोखंडाची टंचाई, ऊस पिळायचे चरक, पंप, १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड आणि त्याच साली निघालेलं किर्लोस्कर मासिक. शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून आले आणि धंदा कुठल्या कुठे नेला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

मी सेकंड इयरला ब्रँच बदलून मेकॅनिकलला आलो. इथेही रंग लागतात म्हणा, कॅडमध्ये लेयरचे रंग ओळखताना रूम पार्टनरला हाक मारावी लागते. पण तो बिचारा येतो. डिझाइनकडे जायचं ठरवलंय, जमेल की नाही ते बघू.

पप्पांना शेवटी फोनवर सांगितलं, मेसच्या मागच्या कठड्यावर बसून. डॉक्टर, ठिपके, मेडिकल, सगळं एका दमात. पलीकडे बराच वेळ नुसता यार्डातल्या शंटिंगचा आवाज येत होता. मग मी विषय बदलावा म्हणून किर्लोस्करवाडीच्या त्या काकांचं सांगितलं. पप्पा म्हणाले की त्या स्टेशनचं नाव आधी कुंडल रोड होतं, जुनी माणसं अजून तेच म्हणतात. मग विचारलं की जेवलास का? मी हो म्हटलं. खरं तर मेस तेव्हा बंद झाली होती.