फवाऱ्याचा शिल्पकार रॉबर्ट बॉश

माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला जाणारी एखादी जुनी डिझेल गाडी चढणीवर काळा धूर ओकू लागली, की जाणकार चालकाला पहिला संशय येतो तो इंजेक्टरचा. वर्षानुवर्षांच्या वापराने नोझलमधील सुई झिजते. मग डिझेलचा बारीक फवारा उडण्याऐवजी थेंब गळू लागतात, गाडीची ओढ कमी होते आणि अ‍ॅव्हरेज घसरते. मेकॅनिक इंजेक्टर काढून हातपंपावर त्याचा दाब आणि फवारा तपासतो. सुई आणि नोझल यांच्यात जेमतेम काही मायक्रॉनची फट असते. म्हणूनच ही जोडी एकत्रच बदलावी लागते आणि तांब्याचा वॉशरही नवा बसवावा लागतो. एवढी अचूकता साध्या गॅरेजपर्यंत पोहोचवण्याचे मोठे श्रेय जाते ते जर्मन उद्योजक रॉबर्ट बॉश यांना.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी उल्म शहराजवळील अल्बेक या गावी झाला. शेती आणि खानावळ चालवणाऱ्या कुटुंबातील बारा भावंडांत ते अकरावे. सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केल्यानंतर १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले व एडिसन यांच्या कारखान्यात काम करून इंग्लंडमार्गे मायदेशी परतले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्ट येथे छोटी कार्यशाळा उघडली. सुरुवातीची वर्षे ओढाताणीची गेली. त्यांना खरा हात दिला तो इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोने. त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो स्पार्क प्लगसह सिद्ध केला आणि बॉश हे नाव जगभर पोहोचले. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या कामगारांना आठ तासांचा दिवस दिला.

रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनात इंधन फुंकण्यासाठी दाबलेली हवा लागे. त्यासाठीचा अवजड कॉम्प्रेसर मोटारीत मावणारा नव्हता. हवेवाचून थेट इंधन दाबून सोडण्याचे प्रयत्न अनेकांनी केले; परंतु असा पंप हजारोंच्या संख्येने, तेवढ्याच अचूकतेने घडवणे हे खरे आव्हान होते. केवळ मॅग्नेटोवर विसंबून राहण्यातील धोका ओळखून बॉश यांनी १९२२ मध्ये हे काम हाती घेतले. १९२७ मध्ये पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले. आधी मालमोटारी आणि १९३६ मध्ये प्रवासी मोटारही डिझेलवर धावू लागली.

या यशाला दुःखाची आणि विसंगतीची किनार होती. १९२१ मध्ये त्यांचा तरुण मुलगा दीर्घ आजाराने गेला. पहिल्या महायुद्धातील नफ्याचा मोठा भाग त्यांनी नेकर नदीच्या कालव्यासाठी व लोककल्याणासाठी दिला. नाझी राजवट त्यांना मान्य नव्हती. त्या राजवटीचे विरोधक कार्ल गोर्डेलर यांना त्यांनी आपल्या कंपनीत सल्लागार म्हणून आधार दिला. तरीही त्याच कंपनीने शस्त्रसामग्रीसाठी उत्पादन केले आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो सक्तीचे मजूर राबवले. त्यांच्या चरित्रातील हे पान झाकता येत नाही. १९४० मध्ये त्यांच्या देणगीतून स्टुटगार्ट येथे रुग्णालय उभे राहिले. १२ मार्च १९४२ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतात १९५१ मध्ये बंगळुरू येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, अर्थात ‘मायको’ स्थापन झाली. पुढे नाशिकच्या सातपूर येथील कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर तयार होऊ लागले. तेथील मायको सर्कल हे नाव आजही त्याची साक्ष देते. नवी जोडी बसवलेली जुनी गाडी धूर न सोडता गडाची चढण चढून जाते, तेव्हा स्टुटगार्टच्या त्या छोट्या कार्यशाळेतील काटेकोरपणाच तिच्या इंजिनात काम करत असतो.