रणांगणातून शेतात : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

पावसाळा लागला की आपल्या नारायणगुड्यात निखाऱ्यांवर मक्याची कणसे भाजणाऱ्या गाड्या दिसू लागतात. मका हे मूळचे मेक्सिकोचे धान्य. त्या मेक्सिकोत जाऊन तिथल्याच शेतकऱ्यांना मका आणि गहू कसा पिकवावा हे शिकवणारा एक मराठी माणूस होता, आणि त्याआधी हाच माणूस इराणच्या डोंगरांत इंग्रजांशी लढला होता, हे आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असेल.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ च्या सुमारास वर्ध्याला झाला. वडील अर्जनवीस होते. वर्धा आणि नागपूर येथे शिकत असताना लोकमान्य टिळकांच्या विचारांचा त्यांच्यावर फार मोठा परिणाम झाला. हे राज्य शस्त्रावाचून जाणार नाही अशी त्यांची खात्री पटली. पण शस्त्रविद्या इथे शिकवणार कोण? म्हणून त्यांनी परदेशाची वाट धरली. जपानमार्गे ते अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस या सैनिकी शाळेत त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि त्याच काळात शेतीशास्त्राचाही अभ्यास चालू ठेवला. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील कॉलेजातून ते शेतीशास्त्राचे पदवीधर झाले. एका हाती बंदूक आणि दुसऱ्या हाती बियाणे, असे हे दुहेरी शिक्षण होते. दुष्काळ पाहिलेल्या पिढीला स्वराज्य आणि अन्न हे दोन वेगळे प्रश्न वाटत नसावेत.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हिंदी मजूर, शेतकरी आणि विद्यार्थी यांनी गदर पक्ष स्थापन केला. बहुतेक सभासद पंजाबचे शीख. वृत्तपत्र आणि प्रचार लाला हरदयाळ यांच्याकडे, तर लष्करी तयारीची बाजू खानखोजे यांच्याकडे होती. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा शेकडो गदरवीर बोटींनी हिंदुस्थानकडे निघाले. त्यांतले दुसरे मराठी तरुण विष्णू गणेश पिंगळे मेरठच्या छावणीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले.

खानखोजे यांनी वेगळी वाट निवडली. तुर्कस्तानातून इराणात शिरायचे, तेथील टोळ्यांच्या मदतीने फौज उभारायची आणि बलुचिस्तानातून हिंदुस्थानात उतरायचे, असा तो बेत होता. आज नकाशावर बोट फिरवले तरी तो अचाट वाटतो. इराण नावाला तटस्थ होते, पण उत्तरेला रशियाचे आणि दक्षिणेला इंग्रजांचे सैन्य येऊन बसले होते. खानखोजे मुसलमानी नाव आणि वेष धारण करून टोळ्यांमध्ये राहिले, त्यांच्याबरोबर लढले. १९१६ मध्ये इंग्रजांनी दक्षिण इराणात नवे दल उभारले आणि कोंडी आवळत आणली. या लढाईत सर्वांत मोठे दुःख हे असावे की इंग्रजांच्या बाजूने समोर उभे असणाऱ्यांत हिंदी शिपाईही होते. ज्यांच्यासाठी लढायचे त्यांच्याचवर नेम धरायचा! सहकारी सूफी अंबाप्रसाद शिराजमध्ये इंग्रजांच्या हाती लागले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. खानखोजे निसटले. युद्ध संपले, बलुचिस्तानची वाट बंद झाली आणि मायदेशाचीही. परत जाणे म्हणजे फास किंवा काळे पाणी.

बर्लिन आणि मॉस्को येथे काही काळ काढून १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. कॅलिफोर्नियातील दिवसांत ओळख झालेले रामोन दे नेग्री दरम्यान तेथील शेतीमंत्री झाले होते. चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात खानखोजे यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी कुळांना मिळत होत्या. पण चांगले बियाणे आणि शेतीचे शास्त्र कुळांपर्यंत कोण नेणार? खानखोजे यांनी त्यासाठी गावोगावी मोफत शेतकी शाळा काढल्या. मक्याचा रानटी नातलग तेओसिंते या गवताशी संकर करून त्यांनी मक्याचे प्रयोग केले. एका जागी अनेक छोटी कणसे धरणाऱ्या मक्यावर त्यांनी १९३६ मध्ये पुस्तिका लिहिली. त्या मक्याचे नाव ‘ग्रानादा’, म्हणजे डाळिंब. प्रसिद्ध छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी या शाळांची आणि कणसांची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी तर मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या भिंतीवर, भाकरी वाटून खाणाऱ्या पंक्तीत खानखोजे यांना बसवले. बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि त्यांना दोन मुली झाल्या.

मायदेशाची ओढ मात्र सुटली नव्हती. १९४७ मध्ये स्वातंत्र्य आले, आणि तरीही खानखोजे यांना व्हिसा लगेच मिळाला नाही, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव कोणी खोडलेच नव्हते! ज्या राज्याविरुद्ध लढले त्याची यादी त्या राज्याहून जास्त टिकली. शेवटी अडथळा दूर झाला आणि १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीसुधारणेचा सल्ला देण्यासाठी आले. पुढे नागपूरला स्थायिक झाले. साठी उलटलेली, चार दशके परभाषांत गेलेली, आणि बरोबरचे बरेचसे सोबती काळाआड गेलेले. त्यांच्या अनुभवाचा जेवढा उपयोग करून घ्यायला हवा होता तेवढा आपण करून घेतला नाही, असे वाटल्यावाचून राहत नाही.

जानेवारी १९६७ मध्ये नागपूरला त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे मागवले होते. तो बुटका गहू डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केला होता, आणि आपल्याकडची हरितक्रांती त्याच्यापासून सुरू झाली.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगो विद्यापीठाच्या आवारात खानखोजे यांचा पुतळा उभारण्यात आला. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. वीणा गवाणकर यांनी त्यांचे मराठीत चरित्र लिहिले आहे. वरच्या वर्गांतील मुलामुलींनी ते मिळवून वाचावे.