जपानमध्ये क्रुसावर जीव दिलेला वसईकर भारतातला पहिला कॅथलिक संत कसा ठरला?

दिवा-वसई लोकलने जूचंद्र सोडलं की गाडी थोड्याच वेळात वसई रोडला लागते. जूचंद्र म्हटलं की लोकांना चंडिका देवीचा डोंगर आठवतो, रांगोळ्या आठवतात. तिथून पश्चिमेला गेलं की वसईचा किल्ला. किल्ला म्हटलं की १७३९, चिमाजी अप्पा आणि मराठ्यांचा विजय. पण त्या विजयाच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी याच वसईत जन्मलेला एक माणूस हजारो किलोमीटर लांब, जपानमध्ये क्रुसावर मारला गेला. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया.

गुजरातचा सुलतान बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. तिथून पुढच्या वीस-बावीस वर्षांत, साधारण १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण वसईतल्या जेझुइट पाद्र्यांकडे झालं आणि मिसरूड फुटायच्या वयात ते याच पाद्र्यांसोबत जपानला पोचले.

तिथे त्यांनी सगळ्यात मोठं काम केलं ते भाषा शिकण्याचं. वसईच्या या पोराला जपानी इतकी चांगली यायला लागली की धर्मशिक्षणाचं काम त्यांच्याकडे आलं. काही वर्षं राबल्यावर त्यांची एकच इच्छा होती, आपल्याला जेझुइट संघात घ्यावं. पण तसं झालं नाही. आई भारतीय असल्यामुळे दार बंद झालं, असं कारण बऱ्याचदा सांगितलं जातं.

दुसरा कुणी असता तर गावी परतला असता. गोन्सालो यांनी व्यापार सुरू केला आणि त्यात जमही बसवला. पण मन काही त्यात रमेना. शेवटी फिलिपिन्समध्ये मनिलाला ते फ्रान्सिस्कन संघात शिरले. तेही पाद्री म्हणून नाही, तर साधे ब्रदर म्हणून.

आता इथे राजकारण येतं. जपानची सत्ता तेव्हा तोयोतोमी हिदेयोशी यांच्या हातात होती. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम त्यांनी १५८७ मध्येच काढला होता, फक्त तो फारसा कडक राबवला जात नव्हता. त्यात हिदेयोशी यांची नजर फिलिपिन्सवर आहे अशी धास्ती मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला होती. त्यामुळे १५९३ मध्ये पेड्रो बॉटिस्टा यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ जपानला गेलं. दुभाषी म्हणून सोबत होते गोन्सालो. म्हणजे ज्याला एका संघाने घेतलं नव्हतं, त्याच्या जिभेवर आता दोन सत्तांमधली बोलणी चालली होती.

बोलणी जमली. फ्रान्सिस्कन क्योटोत राहिले, गोरगरिबांसाठी दवाखाना चालवू लागले. तीन वर्षं बरी गेली.

मग ऑक्टोबर १५९६ मध्ये सॅन फेलिपे नावाचं मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. जपान्यांनी माल जप्त केला. असं सांगतात की जहाजाच्या सुकाणूवाल्याने स्पेनच्या साम्राज्याचा नकाशा दाखवून फुशारकी मारली, की आधी मिशनरी येतात आणि मागून फौज. हे हिदेयोशी यांच्या कानावर गेलं. काही अभ्यासक म्हणतात, खरा डोळा जहाजावरच्या मालावरच होता. कारण काहीही असो, त्याची किंमत मोजली ती त्या जहाजाशी घेणंदेणं नसलेल्या माणसांनी.

डिसेंबरमध्ये धरपकड झाली. जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाडीत बसवून धिंड काढली. मग कडाक्याच्या थंडीत जवळजवळ महिनाभर नागासाकीपर्यंतचा प्रवास. निघाले तेव्हा २४ जण होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. या २६ जणांमध्ये २० जपानी होते आणि सगळ्यात लहान लुई इबाराकी हा अवघ्या बारा वर्षांचा पोरगा. परदेशी सहा जणांत चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपला वसईकर. मेक्सिकोचे फेलिपे तर त्याच सॅन फेलिपे जहाजातून घरी निघाले होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आलं. गोन्सालो तेव्हा चाळीशीच्या आसपास होते.

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केलं. संतपद मिळायला मात्र ८ जून १८६२ उजाडला, पोप नववे पायस यांच्या काळात. या मधल्या काळात वसई पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आणि मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेली होती.

२००८ मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सा संत झाल्या तेव्हा भारताच्या पहिल्या संत अशा बातम्या काही ठिकाणी फिरल्या. त्या पहिल्या भारतीय महिला संत. पहिला मान १४६ वर्षं आधीच वसईकडे आला होता.

आज वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, गास गावात चर्च आहे. आणि निशिझाका टेकडीवरच्या स्मारकात २६ जण एका रांगेत उभे आहेत, त्यातलाच एक आपल्या वसईचा.