पाखरांचा चित्रगुप्त : ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम

१९२४च्या डिसेंबरात बेळगावी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर त्याची साक्ष आजही देते. त्या राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ह्यूमसाहेबांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. परंतु ह्या अधिवेशनाच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधीच बेळगावच्या पाखरांनी ह्याच गृहस्थांच्या कागदपत्रांत आपली घरटी बांधली होती, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. त्यांच्या ह्या दुसऱ्या चरित्राचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांचा जन्म ४ जून १८२९ रोजी झाला. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटातील सुधारणावादी सभासद होते. १८४९ साली ॲलन मुलकी नोकरीत शिरून हिंदुस्थानात आले व पुढे उत्तरेकडील इटावा जिल्ह्याचे अधिकारी झाले. तेथे त्यांनी मोफत शाळा काढण्याचा सपाटा लावला. १८५७च्या आरंभी अशा १८१ शाळा असून त्यांत ५,१८६ विद्यार्थी शिकत होते; मुली मात्र अवघ्या दोन! त्याच वर्षी उठावाचा वणवा पेटला आणि त्या धामधुमीत ह्यूम ह्यांनी हौसेने जमविलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. दुसरा कोणी असता तर त्याने हा नाद सोडून दिला असता. ह्यूम ह्यांनी पुन्हा श्रीगणेशा केला.

मात्र एक गोष्ट त्यांनी ओळखली. हिमालयापासून सिंहलद्वीपापर्यंत पसरलेल्या भूमीतील पाखरे एका माणसाच्या दोन डोळ्यांनी पाहून होणार नाहीत. तेव्हा त्यांनी ठिकठिकाणच्या माणसांशी पत्रव्यवहार सुरू केला. कोणी पलटणीतला कप्तान, कोणी जिल्हाधिकारी, कोणी धर्मोपदेशक. पक्षिशास्त्र हा त्यांच्यापैकी बहुतेकांचा व्यवसाय नव्हता. आपल्या गावी कोणता पक्षी दिसतो, कोणत्या महिन्यात तो घरटे बांधतो, अंडी किती व कशी असतात, एवढे त्यांनी कळवावयाचे. ह्या माहितीसाठी १८७२ साली ह्यूम ह्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे ‘विखुरलेली पिसे’, नावाचे नियतकालिक काढले. शिकारीच्या पक्ष्यांवरील त्यांच्या एका ग्रंथातच माहिती पुरविणाऱ्या दोनशेहून अधिक व्यक्तींची नावे आढळतात.

आमच्या मुलखाचा ह्या कार्यातील वाटा लहान नव्हे. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचे रेव्हरंड फेअरबँक ह्यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव व नगर येथील पक्ष्यांची यादी १८७६ साली प्रसिद्ध केली. रत्नागिरीकडील व्हिडाल ह्यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी दिली. बेळगावच्या छावणीत राहणाऱ्या कप्तान बटलर ह्यांनी १८७९-८०च्या सुमारास येथील झाडाझुडपांतील घरटी शोधून तारीखवार टिपणे पाठविली. ती पुढे ह्यूम ह्यांच्या घरटी व अंडी ह्या विषयावरील ग्रंथात समाविष्ट झाली.

ह्या पद्धतीत एक वैगुण्य होते, तेही सांगितले पाहिजे. त्या काळी पक्षी ओळखावयाचा म्हणजे बंदुकीने मारूनच, अशी रीत होती. ह्यूम ह्यांच्या संग्रहासाठीही हजारो जीव बळी गेले. पुढे थिऑसॉफीच्या प्रभावाने ते शाकाहारी झाले व पक्षी मारणे त्यांनी सोडून दिले.

हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहावा, ही त्यांची मोठी आकांक्षा होती. १८८२ साली ते सेवानिवृत्त झाले. परंतु १८८३च्या सुमारास, ते सिमल्याच्या घरी नसताना, त्यांच्या एका नोकराने हस्तलिखितांचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दी म्हणून बाजारात विकून टाकले. पंचवीस वर्षांचे कष्ट आणि शेकडो माणसांच्या नोंदी वाण्याच्या पुड्या बांधण्यात खर्ची पडल्या असतील! ह्या आघाताने ह्यूम खचले. पुढे अतिवृष्टीने दरड कोसळून संग्रहालयाचीही हानी झाली. १८८५ साली त्यांनी सुमारे ८२,००० नमुन्यांचा आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि घरट्यांविषयीचे जे कागद वाचले होते, ते आपल्या एका सहकाऱ्याच्या हवाली केले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले व ७२ प्रतिनिधी एकत्र आले. दूरदूरच्या माणसांना पत्रांनी जोडण्याची जी हातोटी ह्यूम ह्यांना पाखरांनी शिकविली, ती येथे देशकार्यास उपयोगी पडली, असे आम्हांस वाटते. १८९४ साली ते मायदेशी परतले. वनस्पतींचा अभ्यास करीत, १९१० साली लंडनमध्ये त्यासाठी एक संस्था स्थापून, ३१ जुलै १९१२ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्या नोंदींचे मोल किती, हे काळाने दाखवून दिले. १८७३ साली ह्यूम ह्यांनी रानपिंगळा ह्या लहानशा घुबडाचे प्रथम वर्णन केले. खानदेशातील डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळविले. परंतु १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ता लागेना. पुढे कर्नल माइनर्ट्झहागेन ह्याने आपणांस तो १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची नोंद केली. ती नोंद खोटी होती; म्युझियममधील डेव्हिडसन ह्यांचाच नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. हे कपट उघडकीस आणणाऱ्या पामेला रासमुसेन ह्यांनी सहकाऱ्यांसह जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशातच, शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत आढळला. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे लिहिलेली नोंद त्यास परत घेऊन आली!

विद्यार्थीमित्रांनो, आता बंदुकीची गरज उरलेली नाही. दर फेब्रुवारीत जगभरची सामान्य माणसे चार दिवस आपल्या अंगणातील पाखरे मोजतात. २०१३ पासून आपला देशही त्यात सहभागी आहे. बेळगावच्या किल्ल्याचा खंदक किंवा निपाणीतील आपल्या गल्लीचे छप्पर, ह्यांवरील पाखरांची वही तुम्हांसही ठेवता येईल. तारीख, वेळ, स्थळ आणि संख्या लिहा. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा. ओळख पटली नाही तर ती जागा कोरी सोडा. आणि ती वही रद्दीत जाऊ देऊ नका. तिची गरज कोणास आणि कोणत्या काळी पडेल, हे आज सांगता येत नाही.