मातीचा हिशोब मांडणारा : जेम्स हटन

दोन वर्षांपूर्वी, मी प्रथम वर्षाला असताना, आमच्या उताराच्या शेतातला बांध पावसाने एका रात्रीत फोडला. सकाळी आण्णांबरोबर जाऊन पाहतो तर ओघळीत मुरूम उघडा पडलेला आणि आमची माती नाल्याच्या गढूळ पाण्यातून पुढे निघालेली. आण्णा काही बोलले नाहीत. नंतर थोड्याच दिवसांनी भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला सरांनी धरापत्रक पसरले. समोच्च रेषा दाटीने आल्या की चढ उभा, विरळ झाल्या की उतार सौम्य आणि चढाकडे टोक करून वळल्या की तिथे पाण्याने कापलेली घळ, असे त्यांनी समजावले. त्या टोकदार वळणांत मला आमचा नाला दिसला. वाहून गेलेल्या मातीचे पुढे काय होते, असे मी विचारले. सरांनी मला जेम्स हटनचे चरित्र वाचायला सांगितले.

आरंभीच माझा एक गोंधळ झाला. समोच्च रेषांच्या इतिहासातही एक हटन आहे. तो चार्ल्स हटन, गणिती. स्कॉटलंडमधील शिहॅलियन पर्वतावर १७७४ मध्ये झालेल्या मोजणीचे गणित करताना त्याने सारख्या उंचीची ठिकाणे रेषांनी जोडली. जेम्स हटन निराळा. एकाने डोंगराचा आकार कागदावर उतरवला. दुसऱ्याने तो आकार कसा घडला याचा शोध घेतला.

जेम्सचा जन्म ३ जून १७२६ रोजी एडिंबरो येथे झाला. वडील व्यापारी, पण मुलगा तीन वर्षांचा होण्याच्या सुमारासच ते वारले. पुढे जेम्सला वकिलाकडे उमेदवारीला ठेवले, तर तिथे तो रसायनांचे प्रयोग करीत बसे. शेवटी त्याने वैद्यकाचा अभ्यास केला आणि १७४९ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे पदवी मिळवली. वैद्यकी मात्र त्याने केली नाही. एका मित्राच्या भागीदारीत काजळीपासून नवसागर तयार करण्याच्या धंद्यात त्याला पैसा मिळाला. बर्विकशायर परगण्यात वडिलोपार्जित जमीन होती. ती कसायला तो जाऊन राहिला. त्याआधी इंग्लंडमधील नॉरफोक येथे राहून नव्या पद्धतीची शेतीही शिकून घेतली.

माझ्या मते त्याचे खरे विद्यापीठ म्हणजे हे शेत. पावसाबरोबर माती ओढ्यात जाते, ओढा ती नदीला देतो, नदी समुद्राला. मग जमीन एक दिवस संपून कशी जात नाही? आमच्या बांधावरचाच हा प्रश्न! हटनने त्याचे उत्तर शोधण्यात पुढचे आयुष्य घालवले. समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ उष्णतेने घट्ट होतो, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने वर उचलला जातो, त्याची नवी भूमी होते आणि तिचीही पुन्हा झीज सुरू होते, असा त्याचा सिद्धान्त होता. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे तो १७८५ मध्ये मांडला गेला. पहिल्या भागाच्या वेळी हटन आजारी होता. तो भाग त्याचा मित्र, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याने वाचला.

पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे आहे, असे तेव्हा युरोपात बहुतेक लोक मानीत. हटनच्या चक्राला एवढा काळ मुळीच पुरत नव्हता. पुरावा हवा होता. १७८८ मध्ये जॉन प्लेफेअर व जेम्स हॉल यांना घेऊन तो होडीने किनाऱ्याकिनाऱ्याने निघाला आणि सिकार पॉइंट येथे पोहोचला. तिथे राखाडी खडकांचे थर फळीवरच्या पुस्तकांसारखे उभे आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे. म्हणजे गाळ साचला, खडक झाला, उचलून उभा झाला, झिजला, आणि मग त्यावर नवा गाळ बसला. खालचे खडक सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे आणि वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे, हे आज ठाऊक आहे. हटनला आकडे माहीत नव्हते. काळ अफाट आहे एवढे त्याने खडकावरून ओळखले.

त्याच्यावर टीका पुष्कळ झाली, नास्तिकपणाचा आरोपही झाला. १७९५ मध्ये त्याने दोन खंडांचा ग्रंथ काढला, पण भाषा इतकी क्लिष्ट की वाचक थोडे. २६ मार्च १७९७ रोजी तो वारला. १८०२ मध्ये प्लेफेअरने त्याचे विचार सोप्या भाषेत लिहिले, १८३० पासून लायेलने ते पुढे नेले, आणि लायेलचा ग्रंथ तरुण डार्विनने जहाजावर वाचला. हटनच्या दफनस्थळी त्याच्या नावाची पाटी लागायला मात्र १९४७ साल उजाडले.

हे सारे वाचून आधी मला समाधान वाटले, मग रागच आला. कोट्यवधी वर्षांनी आमच्या मातीचा डोंगर होईल. पण आण्णांचा हिशोब सुगीपासून सुगीपर्यंतचा! मग ध्यानात आले की हटनही शेतकरी होता. निसर्ग भरपाई करतो असे मांडणाऱ्या त्यानेही आपल्या शेताची मशागत केली होती.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि आण्णांनी, गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने सारख्या उंचीच्या खुणा केल्या आणि त्या खुणांवरून नवा बांध घातला. कागदावरची समोच्च रेषा आमच्या शेतात उतरली. पावसाळ्यात बांध एका ठिकाणी खचला, बाकी टिकला. त्याच्या आत बोटभर गाळ साचला होता. आण्णांनी तो मुठीत घेऊन पाहिला आणि पुन्हा होता तिथेच पसरून ठेवला.