ग्रेस हॉपर : मशीन बदला, प्रोग्राम नको

सगळ्यांसाठी लिहिलेल्या प्रोग्रामिंग लायब्ररीने एकाच कंपनीच्या सिस्टिमवर चालणाऱ्या इंटरफेसला सपोर्ट द्यावा का? मायक्रोसॉफ्टचे डायरेक्ट-थ्रीडी घ्या किंवा ॲपलचे मेटल. वाद आजचा वाटतो ना? पण ग्रेस हॉपर या अमेरिकन बाईंचे अर्धे आयुष्य याच प्रश्नात गेले!

त्यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना त्यांनी घरातली सात गजराची घड्याळे खोलून ठेवली होती. 1934 साली येलमधून गणितात पीएचडी केली. महायुद्धात नेव्हीत जायचे ठरवले, तर वय जास्त आणि वजन कमी. तरी 1943 मध्ये भरती झाल्याच! पोस्टिंग मिळाले ते हार्वर्डच्या मार्क-वन या 51 फूट लांब कॉम्प्युटरवर.

1949 मध्ये त्या युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत आल्या. तेव्हा लोक एकमेकांच्या वहीतून सबरूटीन हाताने उतरवून घ्यायचे, आणि उतरवताना चुका व्हायच्या. हॉपरबाईंनी ती टेपवर साठवली, प्रत्येकाला नंबर दिला आणि 1952 मध्ये ए-झिरो कंपायलर केला. आपण नंबर सांगायचा, जोडायचे काम मशीनचे. म्हणजे आपली लायब्ररीच की! पुढे इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहिता येणारी त्यांची फ्लो-मॅटिक भाषा आली. पण ती युनिव्हॅकपुरतीच. आयबीएमची तयारी वेगळ्याच भाषेची. कंपनी बदलली की सगळे काम पुन्हा पहिल्यापासून!

म्हणून 1959 मध्ये कंपन्या आणि सरकारी खाती एकत्र बसली आणि कोबोल ठरली. हॉपरबाई सल्लागार होत्या आणि पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा होता. कोबोलची खरी गंमत तिच्या रचनेत आहे. कोणता कॉम्प्युटर, कोणती फाईल कोणत्या डिव्हाइसवर, हे सगळे एन्व्हायर्नमेंट डिव्हिजनमध्ये लिहायचे. हिशेबाचे लॉजिक वेगळ्या प्रोसीजर डिव्हिजनमध्ये. डिसेंबर 1960 मध्ये एकच प्रोग्राम किरकोळ बदल करून युनिव्हॅक आणि आरसीए अशा दोन कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला.

पण कंपन्या गप्प बसतात होय? प्रत्येकीने कोबोलमध्ये आपापली खास फीचर्स घुसवली. ती वापरली की प्रोग्राम त्याच कंपनीत अडकला. 1966 मध्ये रिटायर झालेल्या हॉपरबाईंना नेव्हीने 1967 मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. तिथे त्यांनी कंपायलर स्टँडर्डप्रमाणे चालतो की नाही हे तपासणाऱ्या टेस्ट तयार करवून घेतल्या. सहा महिन्यांचे काम, मधली छोटी सुट्टी सोडली तर, 1986 पर्यंत चालले! तेव्हा त्या 79 वर्षांच्या होत्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्या गेल्या.

मला यातून एवढे कळले की खास इंटरफेसला सपोर्ट द्यायला हरकत नाही, कारण हार्डवेअरची पूर्ण ताकद कधी कधी तिथेच मिळते. पण त्याची खोली वेगळी हवी, दारावर पाटी हवी, आणि घराचा पाया सगळ्यांचा सामाईक हवा. नाहीतर उद्या ती कंपनी तो इंटरफेस बंद करेल आणि आपण वर्षानुवर्षे लिहिलेला कोड तिच्याबरोबर जाईल. तेव्हा प्रोजेक्टची पहिली फाईल उघडताना आधी विचारा, यातले मशीनचे किती आणि आपले किती?