श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर

आषाढीच्या वाटेवर रिंगण लागले की माउलींचा अश्व धावतो. त्याच्या पाठीवर स्वार नसतो. तरी लाखो माणसे त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. माउली त्यावर बसलेली आहे, ही आपली निष्ठा. हा सोहळा ज्यांनी उभा केला त्या हैबतबाबांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बाबा मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळचे पवार. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी त्यांनी सरदारकी केली. तलवार, घोडा, मानमरातब, सगळं होतं. नोकरीतली मिळकत घेऊन ते गावाकडे निघाले, आणि सातपुड्याच्या रानात वाटमाऱ्यांच्या टोळीने त्यांना गाठले. संप्रदायात परंपरेने सांगतात ते असे, की टोळीने सर्वस्व लुटून बाबांना गुहेत कोंडले आणि तोंडाशी शिळा लोटली.

उभा जन्म लढाईत गेलेला माणूस, पण आता हाती काही उरले नाही. अशा वेळी माणूस एकतर रडतो, नाहीतर चिडतो. बाबांनी हरिपाठ धरला. दिवस गेले, रात्री गेल्या, अंधारात नाम चालूच राहिले. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात त्याने शिळा काढवली, तर आतून नाम ऐकू आले. त्याने बाबांना सन्मानाने सोडून दिले. बाबा निघाले ते घरी गेलेच नाहीत, थेट आळंदीला माउलींच्या पायाशी आले.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. सुटका झाली म्हणून देव जवळ होता, असं पुष्कळजण म्हणतात. मग १३३८ साली मंगळवेढ्यास कुसाचे काम चालले असता भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा देव दूर होता काय? तसे म्हणायला कोणा वारकऱ्याची जीभ उचलेल? शिळा हटणे, न हटणे हा प्रारब्धाचा भाग. बाबांची खरी कमाई एकविसाव्या दिवसाची नव्हे, त्याआधीच्या वीस दिवसांची. दार उघडेल की नाही हे ठाऊक नसताना त्यांनी नाम सोडले नाही. देव आत आपल्यासोबत कोंडला गेला आहे, एवढ्या भरवशावर ते बसले.

पुढे बाबांनी शिपाईगिरी सोडली, पण शिस्त सोडली नाही. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली होती. त्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र पंढरीस जात. सन १८३२च्या सुमारास बाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे सुरू केला. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले. दिंड्यांचे क्रम लागले, चोपदार आले, जरीपटका आला. छावणीचा सगळा थाट बाबांनी माउलींच्या चरणी वाहिला. आजही अश्व अंकलीहून पायी येतात आणि सोहळ्यात आरफळकरांचा मान चालतो.

बाबांची समाधी आळंदीस महाद्वारातील पायरीशी आहे. कार्तिक वद्य अष्टमीला त्या पायरीच्या पूजनाने माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्यास आरंभ होतो. सरदाराने अखेर जागा मागितली ती पायरीची!

वारकरी बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोणाच्या दारी कर्जाची शिळा असेल, कोणाच्या दुखण्याची, कोणाच्या घरात पोरका अंधार. ती उद्याच हटेल असं आम्ही सांगत नाही. आम्ही एवढेच विनवतो, की शिळेकडे पाहत बसू नका, हरिपाठ चुकवू नका. आणि रिंगणात तो मोकळा अश्व दिसला की समजा, स्वार दिसत नाही, पण घोडा कधी एकटा धावलेला नाही.

रामकृष्णहरि.